ओझेला ग्रँबीची सही

१

ओझेला ग्रँबीने आपल्या घराचं गहाणखत आपल्या हाताने जाळलं होतं. अंगणात, लोखंडी तव्यात, सगळ्या चर्चच्या साक्षीने. कर्ज फिटलं की गहाणखताला काडी लावायची आणि वर एक स्तोत्र म्हणायचं, ही किन्समन रोडवरच्या मंडळींची जुनी रीत. त्या दिवशी पाद्र्यांनी लांबलचक प्रार्थना केली, बायकांनी तळलेले मासे वाढले आणि ओझेला इतकी रडली की तिची टोपी वाकडी झाली. चर्चमध्ये तिची टोपी वाकडी झालेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून लोकांच्या ते लक्षात राहिलं.

त्याला पाच वर्षं झाली होती. आणि आता वकिलाच्या टेबलावर तिच्यासमोर त्याच घराचं गहाणखत पडलं होतं. खाली नवरा-बायको दोघांच्या सह्या होत्या.

"ही सही माझी नाही," ओझेला म्हणाली.

सायमन कोवाल्चिक हा गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या कचेरीतला वकील. तरुण, चांगला, आणि त्या वर्षी क्लीव्हलंडमध्ये इतकी घरं लिलावात निघाली होती की बिचाऱ्याला जेवायला सवड नसायची. त्याच्या शेजारी व्हर्नेल पेटवे बसली होती. व्हर्नेलने उमेदीची वर्षं विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात घालवली होती आणि आता ती या कचेरीसाठी खरं हुडकत होती. पगार निम्म्यावर आला होता, पण झोप बरी लागायची.

"दावा लावलाय एका ट्रस्टने," सायमन म्हणाला. "नाव दीड ओळीचं आहे, ते सोडा."

"मी त्या ट्रस्टला कधी भेटले पण नाही."

"तो पण तुम्हाला भेटलेला नाही, मिसेस ग्रँबी. कर्ज दिलं एका कंपनीने. तिने तुमचं आणि आणखी हजारो घरांचं कर्ज एका मोटेत बांधलं आणि ती मोट या ट्रस्टला विकली. घेणाऱ्याने तिचे तुकडे केले आणि ते जगभर विकले. हप्ते गोळा करणारा चौथाच. पहिली कंपनी तर कधीच बुडाली."

"म्हणजे माझं घर किराण्यासारखं सुटं विकलं?"

"वजन करून," व्हर्नेल म्हणाली.

ओझेला हसली नाही. सायमनने पुढचं सावकाश सांगितलं. आधी त्याने ट्रस्टलाच घेरलं होतं: दावा लावला त्या दिवशी कर्जाची मूळ चिठ्ठी तुमच्या ताब्यात होती हे दाखवा, नाहीतर घरी जा. या एका प्रश्नावर त्याने कितीतरी घरं वाचवली होती, कारण मोटा बांधायच्या घाईत कागद कुठे गेले हे मोट बांधणाऱ्यांनाच ठाऊक नसायचं. इथेही ट्रस्ट आधी म्हणाला, चिठ्ठी हरवली. मग एके दिवशी त्यांच्या वकिलाने ती मूळ चिठ्ठी शाईच्या सह्यांसकट आणून न्यायाधीशांपुढे ठेवली.

"ती भिंत पडली. आता एकच उरलीय. घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे, एक गेला की सगळं दुसऱ्याचं, अशा खरेदीखताने. तुमच्या यजमानांनी, हर्शेलनी, एकट्याने गहाण टाकलं असेल, तर ते गहाण त्यांच्याबरोबर गेलं. घर तुमच्याकडे मोकळं आलं. पण दुसरी सही तुमची ठरली, तर घर लिलावात जाईल."

"मग सोपं आहे की. कागदावर तारीख बघ. महिला रविवार, चर्चमधला बायकांचा दिवस! त्या दिवशी मी सकाळपासून चर्चमध्ये होते. समारंभाची अध्यक्ष होते मी. अख्खं चर्च सांगेल."

"चर्च तुमच्या बाजूने बोलणारच, असं ते म्हणतील. आणि तेव्हाचे नोटरी आठवड्याभराचे शिक्के एका बैठकीत मारायचे, एक दिवस इकडे की तिकडे. नुसतं 'मी नव्हते' म्हणून भागायचं नाही. खुर्चीवर कोण बसलं होतं, ते दाखवावं लागेल."

व्हर्नेलने कागद ओझेलाकडे सरकवला. "आणि वरची सही? हर्शेलची?"

ओझेलाने चष्मा पुसला, लावला, काढला. दोन वर्षांपूर्वी तिने त्या माणसाला मातीत ठेवलं होतं.

"ती त्याचीच आहे," ती म्हणाली.

२

ओझेलाच्या गल्लीत दर तिसऱ्या घराच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या होत्या. रिकाम्या घरांतले तांब्याचे नळ चोरांनी भिंती फोडून नेले होते. ओझेलाच्या घराला मात्र पडदे होते आणि पायरीवर झेंडूच्या कुंड्या होत्या, जशी काही शेजारी मंडळी अजून बघायला येणार होती.

स्वयंपाकघरात तिची मुलगी मार्वा आणि नणंद लोटी बसल्या होत्या. मार्वा उंच, बापासारखी, पण चेहरा मात्र आईचा काढून लावलेला: तेच रुंद कपाळ, तीच दातांतली फट. ती वृद्धाश्रमात नर्स होती आणि तिथेच जवळ भाड्याच्या एका खोलीत राहायची. लोटी म्हणजे हर्शेलची धाकटी बहीण. तिचं स्वतःचं घर गेल्या वर्षीच लिलावात गेलं होतं, आणि वहिनीच्या मागच्या खोलीत राहून ती वहिनीच्याच स्वयंपाकाला नावं ठेवत होती.

"आधी मला त्या जळालेल्या कागदाचं सांगा," व्हर्नेल म्हणाली. "हर्शेलनी कर्ज फिटल्याचं तुम्हाला कधी सांगितलं?"

"त्याने कुठे सांगितलं? मीच पकडलं त्याला!" ओझेलाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "बँकेचं पाकीट आलं. तो घरात नव्हता. मी फोडलं, तर आमचं जुनं गहाणखत, आणि त्यावर आडवा ठसठशीत शिक्का, 'फिटले.' मला कळेना हसू की रडू. त्याची गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांना काहीतरी भरपाई मिळाली होती ना, त्यातून याने गुपचूप भरलं असणार. मला चकित करायचं असणार लबाडाला. तो घरी येईपर्यंत मी सगळ्या चर्चला फोन करून मोकळी."

"अख्ख्या चर्चला," लोटी म्हणाली. "मला सगळ्यात शेवटी."

"मग ते आले तेव्हा काय म्हणाले?"

"काही नाही. खुर्चीत बसला. किती वेळ बोललाच नाही. मी म्हटलं, आनंदाने वाचा गेली. जाळायच्या दिवशी तर काडी पण त्याने माझ्या हातात दिली. म्हणाला, 'घर तुझं आहे, तूच लाव.'"

व्हर्नेल तिच्याकडे बघत राहिली. विमा कंपनीत ती एक गोष्ट शिकली होती. शिक्का 'फिटले' म्हणतो, कुणी फेडलं ते म्हणत नाही. एका कंपनीकडून नवं, मोठं कर्ज काढलं की ती कंपनी जुन्या बँकेचे पैसे भरते. जुनी बँक मग जुनं गहाणखत शिक्का मारून, इमानेइतबारे घरी धाडून देते. कागद खरा होता, शिक्का खरा होता, तव्यातली आग खरी होती. आणि स्तोत्र म्हणणाऱ्या सगळ्या माणसांत एकाच माणसाला माहीत होतं की कर्ज जागचं हललेलं नाही. उलट वाढलं आहे.

ती हे बोलली. तिला बोलावंच लागलं. ओझेलाच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला तो पाहताना तिला स्वतःच्या धंद्याची शिसारी आली.

"जुनं फेडून वर उरलेले पैसे हर्शेलनी रोख घेतले," ती हळूच म्हणाली. "कशासाठी, काही कल्पना?"

"नाही," ओझेला म्हणाली. "तो गेल्यावर त्याच्या नावाने पाकिटं यायची. मी न फोडता टाकून द्यायचे. मेलेल्या माणसाला कोण काय विकणार, म्हटलं. पोरी, तो माझ्याशी कधी खोटं बोलला नाही गं. एकदा पण नाही!"

मार्वा उठून नळापाशी गेली आणि पाणी सोडून उभी राहिली.

"तुम्ही कुठे होतात त्या रविवारी?" व्हर्नेलने विचारलं.

"मी? ऑर्गनवर." मार्वाने मागे वळून पाहिलं नाही. "चर्चचा ऑर्गन मीच वाजवते ना. त्यानंतर लगेच मी अटलांटाला गेले, कामासाठी."

"मोठ्या कंपनीत," अटलांटा एवढंच कानी पडल्यासारखी ओझेला डोळे पुसत म्हणाली. "वर्षभर होती. हर्शेल तिला सोडायला गेला तेव्हा किती रडला होता."

निघताना लोटी व्हर्नेलला दारापर्यंत सोडायला आली आणि तिने बाहेर येऊन दार लोटून घेतलं.

"त्या रस्किनला शोध," ती पुटपुटली. "कर्जाचा दलाल. मीच हर्शेलला त्याच्याकडे नेलं होतं. गिऱ्हाईक आणलं म्हणून मला त्याने एक भलीमोठी टर्की कोंबडी दिली होती."

३

रस्किन दलाल फ्लोरिडात पसार झाला होता. खोट्या सह्या करायला त्याच्याकडे एक बाई पगारावर होती असा बोभाटा होता, म्हणून व्हर्नेलला वाटलं, झालं, गाठ सुटली. पण त्यासाठी नोटरीच्या तोंडून ते यायला हवं होतं. नोटरी यूजीन बॅक्स्टर आता एका बोलिंगच्या अड्ड्यावर लोकांना भाड्याचे बूट काढून देत होता.

"बाई, त्या वर्षी मी इतक्या घरांत सह्या घेतल्या," तो म्हणाला, "की मला माझ्या बायकोचा चेहरा आठवत नव्हता. किन्समन रोड म्हणजे..."

"झेंडूच्या कुंड्या. म्हातारा गिरणी कामगार, खोकणारा."

बॅक्स्टरचा हात बुटात तसाच राहिला.

"हां. ते घर. ते आठवतंय. बाई पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होती. टोपी, हातमोजे, सगळं पांढरं. मी म्हटलं, एवढी नटून कुणी कर्ज घेतं का?"

"रस्किनची बाई होती का ती?"

"छे! ती सोनेरी केसांची होती. ही त्या घरातलीच. गाडीचं लायसन बघितलं ना मी. फोटो आणि चेहरा एकच. तसं म्हटलं तर मला तुम्हा काळ्या बायकांचे चेहरे..." तो अडखळला.

"सगळे सारखेच दिसतात," व्हर्नेलने वाक्य पुरं केलं. "मला पण तुम्हा गोऱ्यांचे तसेच दिसतात, मिस्टर बॅक्स्टर. म्हणून मी नीट बघते. तुम्ही काय बघितलंत?"

तो लाल झाला, पण त्याने डोळे मिटून खरोखर आठवायचा प्रयत्न केला. "कपाळ. असं रुंद. आणि दातांत फट. फोटोत होती, तिला पण होती. एवढंच. तिने सही केली आणि रडायला लागली. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. टोपीवरूनच. मला ते जरा चमत्कारिक वाटलं."

"का?"

"बायकोच्या डोक्यावर कुणी असा हात ठेवतं?"

व्हर्नेल गाडीत येऊन बसली, पण तिने गाडी सुरू केली नाही. महिला रविवारी चर्चमधली झाडून सगळी बायकामंडळी पांढरं घालते. म्हणजे सही करणारी त्याच चर्चची. रस्किन सुटला. आणि ओझेला त्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती. उरल्या दोघी. एकीने दलाल शोधून दिला होता आणि तिच्या मनात वहिनीबद्दल जन्माची अढी होती. दुसरी ऑर्गनवर होती.

तिला मनापासून वाटलं की लोटीच असावी. तिथेच तिला स्वतःच्या या वाटण्याचा संशय यायला हवा होता.

४

"मी?" लोटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी सही केली? त्या ओझेलाच्या नावाची?"

दोघी मागच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. शहरालगतच्या सरोवरावरून गार वारं येत होतं. घरात ओझेला कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

"दलाल तुम्ही आणलात."

"आणला! खाल्ली ती टर्की, अजून गळ्यात अडकलीय! माझं घर पण त्यानेच खाल्लं. पण सही? अगं, चेहरा बघ माझा. मी ग्रँबी आहे, हे नाक बघ, चिलमीसारखं! तिच्या लायसनवर मी खपले असते?"

व्हर्नेलने ते आधीच ताडलं होतं. पण कामाची सवय जात नाही. "महिला रविवारी तुम्ही कुठे होता, लोटीबाई?"

"तिच्या शेजारी! पहिल्या रांगेत! विचार कुणालाही. भाषण तिचं झालं, पण चर्चची लाज राखली मी. स्तोत्र उचलायला कुणी नव्हतं, सगळ्या गप्प, पाद्रीसाहेब इकडे तिकडे बघतायत. मग मीच सूर धरला. कोरडा. बिनऑर्गनचा. ओझेलाने नंतर माझे हात धरले, म्हणाली, 'लोटी, आज तू होतीस म्हणून...'"

लोटी बोलता बोलता थांबली.

"ऑर्गन का नव्हता?" व्हर्नेलने विचारलं, जरी आता विचारायची गरज नव्हती.

"बरं नव्हतं तिला. ताप होता म्हणाली. सकाळी चर्चच्या दारापर्यंत आली होती आमच्याबरोबर, मग परत गेली." लोटीने तोंडावर पदर घ्यावा तसा स्वेटरचा गळा ओढून घेतला. "अरे देवा. काय बोलले मी? व्हर्नेल, मी काही बोलले नाही. ऐकतेस ना? मी म्हातारी आहे, मला काही आठवत नाही."

आतून ओझेलाचा आवाज आला. "लोटी! काय झालं गं?"

५

मार्वा वृद्धाश्रमाच्या मागच्या दारात जेवणाच्या सुट्टीत भेटली. व्हर्नेलला पाहिलं आणि तिने हातातलं सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं.

"ऑर्गन," ती म्हणाली.

"ऑर्गन. आणि दातांतली फट. आणि तुमच्या वडलांनी तुमच्या डोक्यावर ठेवलेला हात."

मार्वा रडली नाही. इतकी वर्षं घोकून ठेवलेलं कुणीतरी अखेर विचारलं म्हणून ती भराभर बोलत गेली. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. मग डॉक्टर देईना म्हणून रस्त्यावरून. एके दिवशी ती बापाला गॅरेजमध्ये निळी पडलेली सापडली. तिला शुद्धीवर आणेपर्यंत हर्शेल तिच्या तोंडात स्वतःचा श्वास फुंकत होता, ज्या छातीत गिरणीच्या धुराने स्वतःसाठीच श्वास उरला नव्हता.

"अटलांटा बिटलांटा काही नव्हतं. व्यसन सोडवायचं हॉस्पिटल होतं, मिशिगनमध्ये. दोनदा गेले. एकदा पळाले, दुसऱ्यांदा राहिले. फी भरायला बाबांकडे घराशिवाय काय होतं? आई सही करणार नाही असं नाही. लगेच केली असती. पण मग तिला सांगावं लागलं असतं. मीच बाबांच्या पाया पडले की तिला सांगू नका. चर्चमध्ये ती माझ्याकडे कशी बघायची, माहितीये तुम्हाला? ऑर्गन वाजवताना? मला ते बघणं घालवायचं नव्हतं."

"आणि मग ते पाकीट आलं."

"पाकीट आलं, आणि आईने जगभर फोन केले." तिने सँडविचचा कागद आणखी घट्ट आवळला. "बाबा म्हणाले, राहू दे, मी फेडीन, तिला कळायच्या आत फेडीन. आजारी असताना बर्फ उपसायची कामं घेतली त्यांनी. घरोघरी. त्यातच गेले. मी मारलं त्यांना, मिस पेटवे. लोक म्हणतात न्यूमोनिया."

कोडं सुटलं होतं, एकही धागा लोंबत नव्हता, आणि व्हर्नेलला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की न सुटतं तर बरं होतं.

"मी कोर्टात सांगीन," मार्वा म्हणाली. "सही माझी आहे म्हणून. घर वाचेल ना?"

"वाचेल. पण न्यायाधीश कागद सरकारी वकिलाकडे पाठवतील. खोटी सही, खोटं ओळखपत्र. तुम्ही..."

"मला माहितीये काय होईल ते. फक्त आईला आधी सांगू नका. घरात तिच्यासमोर मला नाही जमणार. कोर्टात माणसं असतात. तिथे जमेल."

६

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ओझेलाने व्हर्नेलला जेवायला बोलावलं. पालेभाजी, मक्याची भाकरी, डुकराच्या हाडांचा रस्सा. लोटी डोकं दुखतंय म्हणून खोलीतच होती.

"सापडली?" ओझेलाने वाढता वाढता विचारलं.

"सापडली. ती स्वतः उद्या येऊन सांगणार आहे. नाव मी सांगितलं तर तिला दिलेला शब्द मोडेल."

"नको सांगूस. शब्द म्हणजे शब्द." ओझेलाने तिच्या ताटात आणखी भाकरी टाकली. "तिला आत टाकतील का गं?"

"टाकू शकतात."

"आणि नोकरी? ती पण जाईल?"

"ती तर नक्की जाईल. लायसनच काढून घेतात."

"हं," ओझेला म्हणाली. "खा, गार होतंय."

दुसऱ्या दिवशी कोर्टात ओझेला पांढरी टोपी घालून आली. मार्वा मागच्या बाकावर बसली होती, हात मांडीखाली दाबून. सायमन खुशीत होता. आधी म्हातारीची साक्ष, मग मुलीची, आणि संध्याकाळपर्यंत घर मोकळं. ओझेलाने उजवा हात वर करून शपथ घेतली. सायमनने गहाणखत तिच्यापुढे धरलं.

"मिसेस ग्रँबी, खालची ही सही तुमची आहे का?"

"हो," ओझेला म्हणाली. "माझीच."

सायमनला वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी न्यायाधीशांकडे बघून आणि अधिक मोठ्याने. व्हर्नेलला कालचं जेवण आठवलं. नोकरी! काल ओझेलाने नोकरी जाईल का विचारलं होतं. लोटीने जन्मात लायसनची नोकरी केलेली नव्हती; नर्स होती ती मार्वा. दोन बायकांमधली कोणती, एवढंच म्हातारीला हवं होतं, आणि व्हर्नेलने भाकरीचा घास घेता घेता ते तिच्या हातात ठेवलं होतं.

ट्रस्टचा वकील उठला. "आपण आधी सांगितलंत की त्या दिवशी आपण चर्चमध्ये होता?"

"होते. नोटरी दुसऱ्या दिवशी आला होता. तारीख त्याने चुकवली असणार, तेव्हा सगळेच चुकवायचे. मी म्हातारी आहे, आधी घाबरून नाही म्हटलं. देव मला क्षमा करो."

"आई!" मार्वा उभी राहिली होती. "आई, काय बोलतेस तू? जजसाहेब, ती खोटं..."

"ती माझी मुलगी," ओझेला न्यायाधीशांना शांतपणे म्हणाली. "बाप गेल्यापासून तिला झोप नाही. आई रस्त्यावर येऊ नये म्हणून ती वाटेल ते स्वतःवर घेईल. तिचं मनावर घेऊ नका." आणि मग, लहान पोराला चर्चमध्ये दटावावं तशी, "मार्वा, खाली बस."

मार्वा खाली बसली. सायमनने तिला साक्षीला बोलावलंच नाही. बोलावून काय करणार होता? अशिलाने शपथेवर सही कबूल केली होती, त्यापुढे मुलीच्या शब्दाला कुणी भीक घातली नसती. न्यायाधीशांनी निकाल सांगितला तेव्हा त्यांचाही आवाज फारसा कडक नव्हता. घर ट्रस्टचं झालं, म्हणजे खरं पाहिलं तर कुणाचंच नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात सायमन दोघींसमोरून तसाच निघून गेला. डोळे लाल झाले होते त्याचे. व्हर्नेल खांबापाशी थांबली. जावं की थांबावं तिला कळेना.

"का केलंस तू असं?" मार्वा आईला गदागदा हलवत होती. "मी सांगणार होते! मी तयार होते!"

"म्हणूनच आधी मी बोलले." ओझेलाने तिचे हात खांद्यावरून काढून आपल्या हातात धरले. "लोटीने काल रात्री सगळं सांगितलं. गोळ्यांचं तिला पण माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी एकटीच टोपी घालून बसले होते." तिने मार्वाचे हात आणखी घट्ट धरले. "मला सांगायचं होतंस गं. तू गॅरेजमध्ये पडली होतीस आणि मी चर्चमध्ये पुऱ्या जगाला तुझं कौतुक सांगत होते. त्याने तरी सांगायचं. मला फार राग आलाय त्याचा. इतका राग, की तो समोर असता तर..."

मार्वा तिच्या पायाशी, कोर्टाच्या त्या थंड फरशीवर बसली होती. ओझेलाने नाक पुसलं.

"त्याने घर देऊन तुला परत आणलं. आता मी तुला देऊन घर परत आणू? मग त्याने केलं ते कशाला केलं? ऊठ. फरशी गार आहे."

मार्वा उठली. आईच्या खांद्याइतकी वाकून ती उभी राहिली. लोक येत जात होते. व्हर्नेलला वाटलं आता तरी जावं, आणि तिने पाठ फिरवली. तेव्हा तिला मागून ओझेलाचा आवाज ऐकू आला. आयुष्यात कुणाच्या दाराशी काही मागायला न गेलेल्या बाईचा, जरासा लाजलेला.

"मार्वा, तुझ्या त्या खोलीत, आम्ही दोघी म्हाताऱ्या मावू का गं?"